आबांचे चार किलो

माणसाचं वजन वाढवणं हे काम सरकारी कचेरीतल्या माणसाला अवघड जाऊ नये, असं माझं प्रामाणिक मत होतं. आमच्या कचेरीत बदली होऊन येणारा माणूस काटकुळा येतो आणि वर्षाच्या आत रुंद खुर्ची मागतो. कोणी मुद्दाम काही करत नाही. वाढदिवस, सेवानिवृत्ती, सत्यनारायण, पुन्हा वाढदिवस, एवढंच. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "तीन आठवड्यांत चार किलो वाढवा, मग ऑपरेशनचं बघू," तेव्हा मी मनात म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

वजन माझं वाढवायचं नव्हतं. ते आपलं आपण वाढतं. वाढवायचं होतं आमच्या आबांचं. आबा म्हणजे माझे वडील, रखमाजी, वय चौऱ्याहत्तर, जन्मभर इंदुरीला भातशेती आणि गेली चार वर्षं लोणावळ्यात माझ्याकडे. त्यांच्या अन्ननलिकेत गाठ झाली होती. कसली, ते डॉक्टरांनी मला सांगितलं, मी सारिकाला म्हणजे बायकोला सांगितलं आणि आम्ही दोघांनी मिळून आबांना 'आत जरा जखम आहे' असं सांगायचं ठरवलं. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "क्यान्सर ना? मंग तसं म्हन की. जखम म्हनं!"

भाकरी उतरत नव्हती, भात उतरत नव्हता, फक्त पातळ तेवढं जात होतं. साठ किलोचा गडी एक्केचाळीसवर आला होता. डॉक्टरांचं म्हणणं साफ होतं. ऑपरेशन मोठं आहे, पंचेचाळीसच्या खालच्या माणसाला ते झेपणार नाही. तीन आठवड्यांनी मंगळवारी आणा. पंचेचाळीस भरले तर दुसऱ्या दिवशी घेतो. नाही भरले तर... आणि त्यांनी पुढचा पेशंट आत बोलावला.

तिथून आम्हाला प्रेरणा मॅडमकडे पाठवलं. या हॉस्पिटलातल्या आहारतज्ज्ञ. वय माझ्या नोकरीएवढंच असेल. त्यांनी पौष्टिक पावडरच्या डब्याचं नाव लिहून दिलं आणि एकेक बोट मिटत सांगितलं: सहा चमचे पावडर, दोनशे मिली कोमट पाणी, दिवसाला चार कप. पहिले चार दिवस निम्मीच पावडर. एक कप संपवायला पाऊण तास लावायचा, घोट घोट. उपाशी राहिलेलं शरीर आहे, त्याच्यावर एकदम मारा करायचा नाही. आणि दर मंगळवारी दहा ते बारा, खिडकी क्रमांक चारवर वजन करून कार्डावर शिक्का घ्यायचा आणि रक्त द्यायचं. "हे शेवटचं विसरू नका," त्या म्हणाल्या.

विसरायला मी काय लहान आहे?

कागदाच्या मागच्या बाजूला 'संभाव्य त्रास' छापले होते. मळमळ, पोट फुगणे, ढेकर, रक्तातली साखर वाढणे, जुलाब, बद्धकोष्ठ. शेवटच्या दोन शब्दांवर माझी नजर खिळली. जुलाब आणि बद्धकोष्ठ एकाच यादीत! म्हणजे काहीही झालं तरी 'आम्ही आधीच कळवलं होतं' म्हणायला मोकळे. असा कागद आमच्या कचेरीत कोणी तयार केला असता तर मी स्वतः त्याला नारळ दिला असता, शालीसकट.

मी वडगावला एका कचेरीत आवक-जावक बघतो. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला कागद नोंदवायचा. मधल्या काळात त्या कागदाचं काय होतं, हे विचारायची आमच्यात पद्धत नाही. त्याच संध्याकाळी मी लांबडी वही आणून रेघा मारल्या. डावीकडे आवक, उजवीकडे जावक. तारीख, वेळ, मिली, शेरा.

सारिकाने वही पाहिली. "जावकमध्ये काय लिहिणार?"

"जे जाईल ते."

"मग ही वही माझ्या स्वयंपाकघरात ठेवायची नाही," ती म्हणाली आणि भांडी घासायला लागली.

पहिला कप आबांनी निमूट घेतला. व्हॅनिला होतं. पाऊण तासाने कप खाली ठेवून म्हणाले, "लहान पोरांच्या तोंडाचा वास येतोय ह्याला. पर उतरलं." उतरलं! मी वहीत दोनशेच्या पुढे लाल शाईने बरोबरची खूण केली.

आता वजन. ऑनलाइन मागवलेला काचेचा काटा दिवाणखान्यात ठेवला की आबा एक्केचाळीस, स्वयंपाकघरात ठेवला की एकोणचाळीस आणि संडासच्या दारात ठेवला की त्रेचाळीस भरत. सारिका म्हणाली, मग ऑपरेशन संडासच्या दारातच करा. अशा घरात मी राहतो. शेवटी आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर चिक्कीचं दुकान असलेले सीतारामशेठ मदतीला आले. "साहेब, माझा काटा शेंगदाण्याचा आहे. पन्नास ग्रॅमही खोटं बोलत नाही. दर वर्षी शिक्का मारून घेतो."

रोज सकाळी मी आबांना दुकानाच्या मागच्या गोडाऊनमध्ये न्यायचो. ते त्या लोखंडी पत्र्यावर बसायचे, गुडघे जवळ घेऊन, आणि सीतारामशेठ ओरडायचे, "एक्केचाळीस दोनशे!" समोर पोत्याला पोतं लागलेलं. एकदा बाहेरून आलेल्या प्रवाशांपैकी एका बाईंनी आत डोकावून फोटो काढला आणि मैत्रिणीला म्हणाल्या, "इथे माणसंपण तोलून देतात वाटतं." मी म्हटलं, बाई, हे माझे वडील आहेत. त्या म्हणाल्या, सॉरी, खूप क्यूट आहेत. आबांनी मला विचारलं, "काय म्हनली ती?" मी म्हटलं, तब्येत सुधारतेय म्हणाली.

आणि सुधारत होती, खरंच! पहिल्या मंगळवारी खिडकी क्रमांक चारवर एक्केचाळीस नऊशे. शिक्का. रक्त ठीक. प्रेरणा मॅडम म्हणाल्या, छान चाललंय, घाई मात्र करू नका. मी कार्ड खिशात घालून हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरलो तेव्हा मला वाटलं, मी चुकून आवक-जावकमध्ये गेलो, खरं तर माझ्यात डॉक्टरकीचा अंश होता.

पण चांगली बातमी घरात ठेवता येत नाही. आत्याला फोनवर सांगितलं की आबांना पावडर लागू पडली. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, धोंडाबाई, इंदुरीची. तिला सांगणं म्हणजे मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावर सांगणं.

आमच्याकडे आजारी माणसाला बघायला रिकाम्या हाताने जात नाहीत. पूर्वी शहाळं नेत, नाहीतर बिस्किटाचा पुडा. आता ते हलकं दिसतं. आता मेडिकलमध्ये जाऊन 'आजाऱ्याची पावडर द्या' म्हणायचं आणि डबा न्यायचा. डबा मोठा दिसतो, पिशवीतून वर येतो, गल्लीत सगळ्यांना कळतं की माणूस नात्याला जागला. आणि नुसता डबा ठेवून निघायचं नाही. तो समोर फोडायचा, कालवायचा आणि आजाऱ्याने आपल्या देखत प्यायचा. त्याशिवाय बघायला गेल्याचं पुण्य लागत नाही. आजाऱ्याने नाही म्हटलं तर तो त्या माणसाचा अपमान.

मंगळवारनंतरच्या रविवारी सकाळी नऊला आत्या आली. डबा चॉकलेटचा. तिने स्वतः कप कालवला, सहाच्या जागी नऊ चमचे, आणि आबांच्या तोंडाशी धरला. "रखमा, माज्या देखत घे. मी म्हातारी येवडी वाट तुडवीत आले."

"आक्का, आत्ताच घेतलंया गं."

"त्ये लेकाच्या हातचं. ह्ये भयनीच्या हातचं."

आबांनी घेतलं. पाच मिनिटांत. पाऊण तास लावायला आत्याला थांबायला वेळ नव्हता, तिला जाताना सोमाटण्याला भाचीकडे उतरायचं होतं.

मग साडेदहाला मावसभाऊ, डबा आंब्याचा. अकराला सोमाटण्याचे व्याही. बाराला आबांचे दोन भजनी सोबती, दोघांत मिळून एक डबा, पण कप मात्र दोन. कोणी काय आणलं होतं हे मी नंतर वाचलं. एक डबा गरोदर बायकांसाठी होता. एक मुलांची उंची वाढवण्यासाठी. एकावर दंड फुगवलेल्या पहिलवानाचं चित्र होतं, तो वरच्या मजल्यावरच्या प्रितमने आणला होता. प्रितम एका हॉटेलच्या जिममध्ये शिकवतो. तो म्हणाला, "काका, याने आठवड्यात रिझल्ट येतो. माझा एक क्लायंट चार किलो वाढला." मी विचारलं, त्याला काय झालं होतं? म्हणाला, काही नाही, त्याचं लग्न होतं.

तुम्ही म्हणाल, आदिनाथ, तू तिथे बसून काय करत होतास? मी नोंदी करत होतो! सकाळी नऊ, दोनशे, आत्या. साडेदहा, दोनशे, मावसभाऊ. डाव्या पानावर आवक अशी काही भरत चालली होती की दुपारी चारला मी सारिकाला म्हटलं, आज चौदाशे मिली झाले. ती म्हणाली, "आबांचा चेहरा बघितलात का?" मी बघितला नव्हता. मी बेरीज बघत होतो.

आबा भिंतीला टेकून बसले होते. मला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "आदिनाथ, आता कोन आलं तर दार लावून घे रं. मला न्हाई म्हनाया जमत न्हाई. घरी आलेल्या मानसाला काय म्हनू?"

दार लावायचा धीर मलाही झाला नाही. साडेपाचला कस्तुराबाई आल्या, शेजारच्या घरच्या, डबा घेऊन.

सोमवारी पहाटे जावक सुरू झाली.

याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की वहीचं उजवं पान दुपारपर्यंत संपलं आणि मी सवयीने 'पुढील पानावर पाहा' असं लिहिलं. मग त्या अक्षरांकडे बघून मला स्वतःची शिसारी आली. सारिका चादरी धूत होती. आबांना संडासपर्यंत चालवत नेताना माझ्या हातात नुसती हाडं लागत होती आणि ते दर वेळी म्हणत होते, "चुकलं बाबा माजं. घान केली समदी." त्यांचं काय चुकलं होतं? मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग काढायला कोणी नव्हतं, म्हणून मी डब्यावरच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला.

"नमस्कार सर, आपली तक्रार चव, पॅकिंग की इतर?"

"इतर."

"इतरमध्ये झाकण की चमचा?"

"जुलाब," मी म्हटलं.

पलीकडे कळफलकाचा आवाज आला. "सर, पेशंटने आमचं प्रॉडक्ट किती वाजता घेतलं होतं?"

मी वही उघडली. "साडेदहा ते दहा पस्तीस. मावसभावाचं होतं."

"आणि त्यानंतर दुसऱ्या कंपनीचं काही?"

"सहा कंपन्यांचं."

"मग सर, जुलाब आमच्याच प्रॉडक्टने झाले याचा काही पुरावा?"

बावीस वर्षं मी लोकांना हाच प्रश्न विचारत आलोय. त्या दिवशी तो मला पहिल्यांदा ऐकू आला. त्या मुलीने सौजन्याने विचारलं, अजून काही मदत करू का सर, आणि फोनला पाचपैकी किती गुण देणार.

गल्लीतल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. मी दारावर कागद चिकटवला: 'रुग्णास भेटण्याची वेळ नाही. खाद्य-पेय आणू नये. आदेशावरून.' कोणाच्या आदेशावरून, ते मी लिहिलं नव्हतं, पण अशा शब्दाने वजन येतं. आलं ते वाईटपणाचं. प्रितमने कागदाचा फोटो काढून मला विचारलं, काका, हे माझ्यासाठी आहे का? कस्तुराबाईंनी आम्ही मागितलेलं विरजण दारातूनच परत नेलं. इंदुरीहून आत्याचा फोन आला. "दारावर पाटी लावलीस म्हनं. आमी काय इख घिऊन येतो व्हय? माजा भाऊ हाय त्यो, तुजा बाप नंतर!" आणि ती फोनवर हुंदके देऊन रडायला लागली. तिला मी काय सांगणार, की तुझ्या मायेनेच... नाही सांगितलं.

मंगळवार उजाडला. दुसरा मंगळवार. खिडकी क्रमांक चार, दहा ते बारा. सकाळी सीतारामशेठ काटा वर घेऊन आले, आबांना खाली नेण्यासारखी स्थिती नव्हती. त्यांनी या वेळी आकडा ओरडून सांगितला नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "एकोणचाळीस आठशे."

आता जे मी केलं ते सांगतो. ते सांगायलाच हे सगळं लिहायला घेतलंय.

सारिका म्हणाली, रिक्षा बोलावू का, हॉस्पिटलला जायचंय ना? मी म्हटलं, आज नको. ती म्हणाली, का? मी तिला समजावलं. कार्डावर एकदा एकोणचाळीस आठशे पडलं आणि त्यावर शिक्का बसला की ती नोंद झाली. नोंद झालेली गोष्ट काही केल्या पुसता येत नाही, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? डॉक्टर कार्ड बघतील, म्हणतील, हा माणूस घसरतोय, ऑपरेशन रद्द. त्यापेक्षा या आठवड्याची जागा कोरी राहू दे. कोऱ्या जागेचा कोणी जाब विचारत नाही. पुढच्या मंगळवारी एकदम पंचेचाळीस दाखवू.

"आणि रक्त?" सारिका म्हणाली.

"तेही पुढच्या मंगळवारी."

दुपारी प्रेरणा मॅडमचा स्वतःहून फोन आला. आज आला नाहीत? मी म्हटलं, कचेरीत तातडीची बैठक निघाली. आबा उत्तम आहेत. त्या म्हणाल्या, उद्या आणा, मी खिडकीवर सांगून ठेवते. मी हो म्हटलं आणि नेलं नाही.

बुधवारी जुलाब थांबले. माझ्या हाताशी सहा दिवस होते आणि पाच किलो दोनशे. मी कागदावर भागाकार केला. कपात सहाच्या जागी आठ चमचे, चाराच्या जागी सात कप, मधल्या वेळात मीठ-साखरेचं पाणी. यादी करून स्वयंपाकघरात लावली. सारिकाने त्या तीन आठवड्यांत एकदाही मांडी घालून जेवण केलं नव्हतं. ओट्याशी उभी राहून एका हाताने पोळी खायची आणि दुसऱ्या हाताने कप ढवळायची.

आणि काय सांगू, काटा चढायला लागला! गुरुवारी एक्केचाळीस. शुक्रवारी बेचाळीस. शनिवारी सीतारामशेठनी "त्रेचाळीस दोनशे!" अशी आरोळी ठोकली की दुकानातलं गिऱ्हाईक दचकलं. त्यांनी उभ्या गल्लीला चिक्की वाटली. आबांचे गाल भरले. डोळ्यांखालचे खड्डे बुजले. रविवारी त्यांच्या पायात चपला जाईनात. मी बाजारात जाऊन एक नंबर मोठ्या आणल्या आणि आणताना रस्त्यात ओळखीच्या तिघांना थांबवून सांगितलं, वडिलांना मोठ्या चपला लागायला लागल्या! लोकांच्या मुलांचे पाय वाढतात तेव्हा ते सांगतात, तसं.

सारिका म्हणाली, "अहो, वजन वाढतंय तर त्यांना धाप का लागते?"

"वजन वाढलं की धाप लागतेच. आमच्या साहेबांना बघ जिना चढताना."

"आबा जिना चढत नाहीत. ते कूस बदलतात तेव्हा लागते."

मी म्हटलं, शंका काढत बसू नकोस, कप ढवळ. तेव्हा मी तिच्याशी जे तुसडेपणाने बोललो ते आठवलं की अजूनही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

आबा मात्र तक्रार करत नव्हते. एकदाच, सोमवारी, सहावा कप हातात धरून म्हणाले, "प्वाट डबक्यावानी झालंय बाळा. आत पानी हालतंय."

"उद्याचा दिवस आबा. फक्त उद्याचा."

"बरं," आबा म्हणाले आणि त्यांनी तो कप संपवला.

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी खिडकी क्रमांक चारवर आबा पंचेचाळीस किलो तीनशे ग्रॅम भरले. मी तो आकडा दोनदा वाचून घेतला. शिक्का ठळक मारायला सांगितला. डॉक्टरांच्या खोलीत शिरताना माझी छाती पुढे होती, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं, पण बघितलं आबांकडे. मग खुर्चीवरून उठून खाली वाकले. आबांच्या विजारीचा पाय वर सरकवला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. पाच-सहा सेकंद. अंगठा काढला. तिथे खड्डा राहिला. कणकेत राहावा तसा. मी बघत होतो, आता भरेल, आता भरेल. तो भरत नव्हता.

"हे वजन नाही," डॉक्टर म्हणाले. "हे पाणी आहे. उपाशी शरीरावर एकदम मारा झालाय. पायात, पोटात, फुप्फुसाशी, सगळीकडे पाणी साठलंय. साखर बघा, क्षार बघा, आत्ता दाखल करा." हे त्यांनी शेजारी उभ्या प्रेरणा मॅडमना सांगितलं.

आणि मी, बावीस वर्षांच्या नोकरीचा माणूस, काय बोललो असेन? मी कार्ड पुढे केलं आणि म्हटलं, "पण डॉक्टर, काट्यावर पंचेचाळीस तीनशे आलंय. शिक्का आहे. तुम्ही पंचेचाळीस म्हणाला होतात. कशाचं, ते म्हणाला नव्हतात."

प्रेरणा मॅडम कार्डावरच्या त्या मधल्या कोऱ्या जागेकडे बघत होत्या. "मागच्या मंगळवारी रक्तात दिसलं असतं," त्या म्हणाल्या. रागाने नाही. रागावल्या असत्या तर मला भांडता आलं असतं.

"आदिनाथ," आबा धापा टाकत म्हणाले, "गप ऱ्हा बाळा. डाक्टरला काम करू दे."

पाणी उतरवायला पाच दिवस लागले. गोळ्या, सुया, नळी. रोज सकाळी वॉर्डमधली नर्स वजन घ्यायची. चव्वेचाळीस, बेचाळीस, चाळीस. मी वही नेली नव्हती. सहाव्या दिवशी सदतीस सहाशेवर काटा थांबला. तेवढे आबा उरले होते.

त्या दुपारी डॉक्टरांनी मला एकट्याला बोलावलं. सदतीस किलोच्या माणसावर हे ऑपरेशन मी करणार नाही, टेबलावरच जातील, म्हणाले. पुन्हा वजन वाढेपर्यंत थांबावं, तर गाठ थांबणार नाही.

मी विचारलं, "हे माझ्यामुळे झालं का?"

ते खूप वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिले. "आजार गाठीचा आहे. तुमचा नाही. पण एक आठवडा हातचा गेला, हे खरं." मग म्हणाले, "घरी न्या. आता त्यांना आवडेल ते द्या."

आपल्याकडे हे वाक्य कळायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. मला कळलं. तरी तोंडातून सवयीचंच बाहेर पडलं, "किती मिली? दर किती तासांनी?"

"आता मोजू नका," डॉक्टर म्हणाले.

आबा बाहेर बाकावर बसले होते. गालांचं पुन्हा चामडं झालं होतं. मी शेजारी जाऊन बसलो. येताना दारातच एक वाक्य जुळवून ठेवलं होतं, थोडे दिवस घरी विश्रांती, मग बघू, असं काहीतरी. ते ओठांवर येईना.

"काय म्हनले?" आबांनी विचारलं.

"म्हणाले... आवडेल ते द्या."

आबांनी समोरच्या भिंतीकडे बघितलं. "आसं म्हनले व्हय," ते म्हणाले. "आमच्या आयच्या टायमालाबी डाक्टर आसंच म्हनलेला. शेवटाला."

मी त्यांचा हात धरला. मला म्हणायचं होतं, आबा, मी त्या मंगळवारी तुम्हाला आणलं नाही, आकडा लपवायला आणलं नाही, मला माफ करा. मी नुसता ढसाढसा रडलो, त्या भरल्या कॉरिडॉरमध्ये, येणारे-जाणारे बघत असताना. आबांनी हात सोडवून घेतला नाही. माझं रडं ओसरेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "हितं रडून घे. घरी नगं. सारिकाला आज काय सांगू नगंस. पोरगी तीन हप्ते उभ्या उभ्या जेवतीया. आज तिला बसून प्वाटभर जेवू दे. उद्या सांग."

मी गाडी ठरवली. रस्ताभर आबा खिडकीला डोकं टेकून बाहेर बघत होते. मी एकदा विचारलं, काही प्यायला हवंय का? म्हणाले, न्हाई.

दार सारिकाने उघडलं. हाताला पावडर लागली होती. तिने आबांना धरून आत नेलं, पलंगावर निजवलं, अंगावर पांघरूण घातलं आणि बाहेर येऊन मला विचारलं, "काय झालं? काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हटलं, "सांगतो. आधी ताट वाढून घे आणि खाली बस."